भिंत मागे येत नसते

निश, ४ ऑक्टोबर २०२३

यागोदा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच टाकून दिलंस, तरी माझी तक्रार नाही. पत्ता तुझ्या आईकडून मिळवला. तिने दार उघडलं, पण साखळी काढली नाही. हिवाळ्यासाठी साठवायच्या मिरच्या भाजत होती, धूर जिन्यापर्यंत आला होता. मी कशाला आलोय ते तिने ऐकून घेतलं, पत्ता एका चिठोऱ्यावर लिहिला आणि फटीतून पुढे केला. म्हणाली, "घ्या. पण तिनं तुम्हाला उत्तर लिहिलं, तर मी ल्युबिंका नाव लावणार नाही."

कामाचं लिहितो. डोंगरातल्या नन-मठाच्या प्रमुख, माता येफिमिया, गेल्या आठवड्यात माझ्या कारखान्यात आल्या होत्या. त्यांच्या भोजनगृहाच्या मागच्या भिंतीला भेग पडली आहे. भिंतीला लागूनच डोंगर. आत अकरा जणी दोन वेळा जेवायला बसतात. पालिकेचा माणूस येऊन भेगेवर चुन्याची पट्टी लिंपून गेला. "म्हणे पट्टी तडकली की कळेल," माता म्हणाल्या. "म्हणजे भिंत पडली की आम्हाला कळेल. तुम्ही काही करता का?"

करतोय. नेहमीचंच. भेगेवर आडवी पोलादी पट्टी, तिच्यावर ताण मोजणारे चार स्ट्रेनगेज, आणि त्यांतून येणारा कणभर व्होल्ट चारशे पट मोठा करणारा अँप्लिफायर. परवा कागदावर सर्किट काढताना अँप्लिफायरच्या चिपच्या पाचव्या पायापाशी पेन्सिल थांबली. तिथे द्यायचा रेफरन्स व्होल्टेज. यंत्राने मोजायला कुठून सुरुवात करायची, ते ठरवणारा.

तुला हे सांगायची गरज नाही, पण मातांना सांगावं लागलं. यंत्र शून्य ते पाच व्होल्टच बोलू शकतं. तो पाय शून्याला जोडला, तर भेग जेवढी रुंद होईल तेवढा आकडा वर चढेल, आणि चढायला पाचही व्होल्टची मोकळी जागा मिळेल. पण भेग उलट मिटायला लागली, तर आकड्याला शून्याच्या खाली जाता येत नाही. तो तिथेच बसून राहतो. तोच पाय मधोमध बांधला, तर वर-खाली दोन्हीकडचं दिसतं, फक्त जागा निम्मी होते. माता म्हणाल्या, "म्हणजे घराला तळघर आहे, आणि जिना मात्र तळमजल्यालाच संपतो." मी म्हटलं, अगदी तसंच.

झ्लीदोलच्या शाळेला आपण तिथे किती ठेवला होता, ते आता नीट आठवत नाही. वय झालं. तुझी स्मरणशक्ती पहिल्यापासून चांगली. कळवशील?

मारिबोरला थंडी लवकर पडत असेल. जपून राहा.

तिहोमिर


निश, २९ ऑक्टोबर २०२३

यागोदा,

तुझं कार्ड मिळालं. वर नाव नाही, खाली विचारपूस नाही. "अडीच. नुसत्या दोन रेझिस्टरवर टांगू नका, मध्ये बफर घाला." एवढंच. मी ते चार वेळा वाचलं.

आणि मी टांगलंच होतं. दोन सारखे रेझिस्टर, मधून अडीच व्होल्ट, थेट पाचव्या पायाला. म्हटलं, अडीच म्हणजे अडीच, कुठूनही आले तरी. तर शेजारच्या खाटकाचा फ्रीज सुरू झाला की इकडे आकडा नाचायचा. आठ दिवस मी बॅटरीला दोष दिला, मग वायरींना, मग खाटकाला. त्याला जाऊन म्हटलंसुद्धा, "स्वेतोझार, तुझा फ्रीज जरा बंद कर." तो म्हणाला, "मग मांस तुझ्या यंत्रात ठेवू का?" तुझं कार्ड आलं त्या दुपारी बफर घातला, त्या अडीचला टेकू देणारा. अडीच म्हणजे अडीचवर जे बसलं, ते बसलंच. पट्टी हाताने ताणली की वर, दाबली की खाली. कितीतरी वेळ मी नुसता ताणत आणि दाबत बसलो होतो.

कार्ड तुझ्या आईला दाखवून आलो. या वेळी साखळी निघाली. "आता तुम्हाला काय नावाने हाक मारायची?" असं मी विचारलं. हसली नाही, पण कॉफी केली.

माझी स्तानिका गेली, हे तुला आईकडून कळलं असेलच. दोन वर्षं होतील. शेवटपर्यंत तुझी आठवण काढायची. मी उठून कारखान्यात जायचो.

झ्लीदोलचं जे झालं ते झालं. समितीचा निर्णय फार कडक होता. तुझा परवाना गेला, इथे तुला कुठे काम मिळेना, गाव सोडावं लागलं. या सगळ्याचं मला वेळोवेळी वाईट वाटलं आहे, एवढं तुला सांगायचं होतं.

तिहोमिर


निश, २१ नोव्हेंबर २०२३

यागोदा,

तुझी चार वाक्यं समोर आहेत. "'झालं', 'गेला', 'सोडावं लागलं'. उस्ताद, तुमच्या पत्रात क्रियापदं आहेत, माणूस नाही. कोणी केलं ते लिहा. नाहीतर व्होल्ट विचारायला दुसरं कुणी शोधा."

लिहितो.

झ्लीदोलला रेफरन्स किती होता, ते मला आठवतं. शून्य. अडीच तू सुचवलेला. मी एक दिवसही विसरलेलो नाही. पहिल्या पत्रात खोटं लिहिलं.

तू तेव्हा सव्वीस वर्षांची, माझ्याकडे येऊन चौथं वर्ष. शाळेच्या भिंतीचं काम आलं तेव्हा तू म्हणालीस, "उस्ताद, मधोमध बांधू या. कुणी सांगावं." मला भेगेतला केसाएवढा फरकही टिपायचा होता, सगळे पाच व्होल्ट उघडण्यासाठी हवे होते. मी म्हणालो, "भिंत मागे येत नसते, पोरी. भेग उघडते तरी, नाहीतर तशीच राहते." तू पुन्हा म्हणालीस. मी म्हणालो, "चाळीस वर्षं मी हे करतोय." मग तू मी सांगितलं तसंच जोडलंस.

मार्चमध्ये आकडा थोडा वर चढला. मग उतरत उतरत तळाशी जाऊन बसला, आणि पाच आठवडे हलला नाही. मला वाटलं भेग शांत झाली. मी गावाच्या प्रमुखाला फोन करून तसं सांगितलं. खरं म्हणजे पावसाच्या पाण्याने डोंगर भिंतीचा पाया बाहेर ढकलत होता, भिंत वरून मागे कलत होती आणि त्यामुळे भेग मिटत चालली होती. यंत्र ते सांगू शकत नव्हतं. मी त्याला तसं बोलण्यापुरती जागाच ठेवली नव्हती.

एकोणीस एप्रिल, रविवार. म्हणून मुलं नव्हती. शाळेचा शिपाई मिलुन एकटा शेगडीची राख काढत होता. भिंत त्याच्या डाव्या पायावर आली. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चौकशीच्या खोलीत तू माझ्या उजवीकडे बसली होतीस. अध्यक्षांनी विचारलं, "रेफरन्स शून्यावर कुणी ठेवला?" तू माझ्याकडे पाहिलंस. तू काही बोलली नाहीस, कारण मी बोलेन अशी तुला खात्री होती. मी म्हणालो, "सर्किटची मांडणी यागोदाने केली." त्यात शब्द एकही खोटा नव्हता. जोडणी तूच केली होतीस, चाचणीच्या कागदावर सही तुझी होती. तू नंतर सांगितलंस, पण तोवर ते सव्वीस वर्षांच्या मुलीचं सांगणं होतं आणि माझं बोलणं तिहोमिर उस्तादांचं.

घरी आल्यावर स्तानिकाने जेवण वाढलं. म्हणाली, "दोघांपैकी एकालाच वाचवता येणार होतं ना? आणि तुम्ही म्हाताऱ्याला वाचवलंत." त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही.

आणखी एक आहे, जे तुलाही माहीत नाही. समितीने तुझी कामाची वही मागितली होती. मी म्हणालो, सापडत नाही. ती माझ्याकडे आहे, निळ्या पुठ्ठ्याची. तेविसाव्या पानावर तुझ्या अक्षरात आहे: "रेफरन्स २.५ ठेवावा? भेग मिटली तर दिसायला हवी." खाली माझ्या लाल पेन्सिलीने: "नको. भिंत मागे येत नसते." पुढे माझी आद्याक्षरं आणि तारीख.

नऊ वर्षांत मी ती जाळली नाही. त्याचं कौतुक करून घ्यायला हे लिहीत नाही. पाठवलीही नाही.

तिहोमिर


निश, १८ डिसेंबर २०२३

यागोदा,

तू उत्तर लिहिलं नाहीस. मला लिहायलाच हवं, म्हणून लिहितो.

चोवीस नोव्हेंबरला यंत्र मठाच्या भिंतीवर बसवलं. पहिले दहा दिवस अडीच. मग पावसाची झड लागली. सहा तारखेला दोन पूर्णांक सेहेचाळीस, आठला दोन पूर्णांक एकतीस. खाली. मी मठातच मुक्काम ठोकला होता. सकाळी आकडा पाहिला आणि पट्टी पुन्हा तपासली. आकडा तोच.

पालिकेच्या इंजिनिअरला बोलावलं. भला मुलगा आहे, पस्तिशीचा असेल. भेगेत नख घालून पाहिलं आणि म्हणाला, "काका, ही तर मिटत चाललीय. चांगलंच आहे की! म्हातारीसारखी कुरकुरली आणि निजली."

अकरा जणी टेबलाभोवती उभ्या होत्या. उपवासाचे दिवस, कढईत घेवडा शिजत होता. मी म्हणालो, "बाळा, हेच शब्द मी नऊ वर्षांपूर्वी बोललो होतो. एका माणसाचा पाय गेला."

"कोणाचं यंत्र होतं?"

"माझं. आणि जिने मला चूक दाखवली होती, तिच्यावर मी ती ढकलली."

एवढ्या माणसांसमोर मी हे पहिल्यांदाच बोललो आणि आभाळ कोसळलं नाही. इंजिनिअर घसा खाकरत म्हणाला, "खणून बघू." माता येफिमियांनी विचारलं, "मी काय करू, एवढंच सांगा." मी म्हटलं, इथून सगळ्यांना हलवा, आजच. त्यांनी मागे वळून फक्त म्हटलं, "ताटं उचला."

पायाशी खणलं तर हातभर खाली पाणी वाहत होतं. टेकू आणेपर्यंत बारा तारीख उजाडली, आणि त्याच दुपारी मधली चार मीटर भिंत खाली बसली. आवाज फारसा झाला नाही, धूळ मात्र खूप उडाली. आत कुणी नव्हतं. बाकं मोडली, आणि गडबडीत चुलीवर राहिलेली घेवड्याची कढई दबली. स्वयंपाक सांभाळणारी सिस्टर जोआना त्या कढईसाठी रडली. बाकीच्या तिला हसायला लागल्या आणि हसता हसता त्याही रडल्या.

तू मधोमध बांधायला सांगितलं होतंस. दोनदा.

आज सकाळी मी वही इंजिनिअर परिषदेला रजिस्टर पोस्टाने पाठवली. सोबत माझा जबाब, पाच पानी. तेविसाव्या पानाची प्रत या पाकिटात आहे. पोस्टातल्या बाईने विचारलं, "आत मौल्यवान काही?" मी म्हटलं, हो. मग तिने पुन्हा वेगळा फॉर्म भरायला लावला.

तिहोमिर


निश, २२ जानेवारी २०२४

यागोदा,

पाकीट मिळाल्याचं तू कळवलंस. "प्रत वाचली. माझं अक्षर तेव्हा बरं होतं." एवढ्यानेही माझं पोट भरलं. मागे आणखी एक ओळ होती: "मिलुनला कुणी सांगितलं?" कुणीच सांगितलेलं नव्हतं. परवा सांगून आलो.

झ्लीदोलला गेलो तो संत योवानचा दिवस होता. मिलुनच्या घरचा संत. त्या दिवशी यजमान निमंत्रण देत नाही आणि आलेल्याला दारातून परत पाठवत नाही, हे ठाऊक होतं म्हणूनच मी तो दिवस निवडला. बाकीचे पाहुणे गेले, मेणबत्ती निम्म्यावर आली, त्याच्या बायकोने माझ्यापुढे साखर-अक्रोड घातलेले उकडलेले गहू ठेवले. मिलुन लाकडी पाय पुढे पसरून बसला होता. म्हणाला, "हाकलता येणार नाही असा दिवस बघून आलास होय रे? बोल."

मी सगळं सांगितलं. त्याला व्होल्टमधलं कळत नाही. मी चमचा टेबलाच्या कडेवर आडवा ठेवला आणि दाखवलं, इकडे कलला तर दिसतो, तिकडे कलला तर टेबलाआड जातो. त्याने चमचा स्वतः दोनदा कलवून पाहिला.

"म्हणजे ती पोरगी नव्हे," तो शेवटी म्हणाला.

"नव्हे."

"नऊ वर्षं मी तिला शिव्या घालतोय. सकाळी पाय चढवताना एक, रात्री काढताना एक. हवा पालटली की वर दोन. माझी बायको साक्षीला आहे." बायको आतून म्हणाली, "तोंड विटाळलंय त्याचं." मिलुन म्हणाला, "आता सत्तराव्या वर्षी मी नवीन नाव पाठ करायचं?"

मी म्हटलं, कर. सोपं आहे.

तो हसला नाही. उठून काठी ठेवली होती त्या खिडकीपाशी गेला. मला वाटलं आता काठी उचलेल, आणि खरं सांगतो, उचलली असती तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "तू त्या दिवशी फोन केला होतास ना, भेग शांत झाली म्हणून? मला प्रमुखाने सांगितलं, मिलुन, आता जा खुशाल. मला इतकं बरं वाटलं होतं! मी त्याच आनंदात राख काढायला गेलो."

मी चमचा उचलून ताटात ठेवला.

"माफबिफ मी करत नाही," तो म्हणाला. "ते पाद्र्याचं काम. पण तू आलास, ते मी विसरणार नाही. आता ते गहू संपव. संताच्या दिवशी ताटात टाकत नाहीत." मी संपवले. शेवटचा दाणासुद्धा.

निघताना फाटकापर्यंत आला, बर्फातून, काठी टेकत. म्हणाला, "त्या पोरीला लिही. तिच्या नावाच्या सगळ्या शिव्या मी परत घेतल्या. मोजल्या नाहीत, पण जेवढ्या असतील तेवढ्या."

लिहिलं.

तिहोमिर


निश, १४ मे २०२४

यागोदा,

परिषदेचा निकाल तुलाही पोचला असेल. तुझं नाव स्वच्छ झालं, परवाना परत लागू. माझा रद्द. एकाहत्तराव्या वर्षी रद्द व्हायला काही फार उरलं नव्हतं, पण दारावरची पाटी मी स्वतःच उतरवली. स्वेतोझार शिडी धरून उभा होता. म्हणाला, "आता फ्रीज बिनधास्त चालवू ना?"

ईस्टरला तू आईकडे येणार, मिलुनला भेटणार, पण माझ्या दारात येणार नाहीस, असं तू स्पष्ट लिहिलं होतंस. म्हणून ते चार दिवस मी बाजारातही गेलो नाही, चुकून समोर यायला नको. तू येऊन गेल्याचं मला मिलुनच्या फोनवरून कळलं. म्हणाला, "पोरगी तिखट आहे. माझ्या पायाचा पट्टा चुकीचा बांधलाय म्हणून मलाच झापलं." आवाजावरून खूश वाटला.

काल मठात गेलो. तपासणीची सही करायला नव्हे, आता नुसता पाहुणा म्हणून. नवी भिंत छातीपर्यंत आली आहे, यंत्र शेजारच्या जुन्या भिंतीवर हलवलंय. माता येफिमिया म्हणाल्या, "तुमची यागोदा आली होती." मी विचारलं, कशाला? "यंत्र बघायला. झाकण उघडून तासभर बसली. जेवायलाही उठेना. जोआनाला ताट तिथे न्यावं लागलं."

मी विचारलं, काही म्हणाली?

"म्हणाली, तुमच्या उस्तादांना सांगा, बॅटरीचा एक स्क्रू सैल होता. मी आवळलाय. पुढच्या वेळी नीट बघत जा म्हणावं, डोळे आहेत ना अजून?" आणि माता थांबून म्हणाल्या, "हे तिनं रागानेच म्हटलं. मी जसंच्या तसं सांगते आहे."

मी म्हटलं, जसंच्या तसंच सांगा. आणि त्यांना ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

नऊ वर्षं माझी चूक काढायला कुणी नव्हतं, यागोदा.

मग मी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, चष्मा पुसला आणि बाकीचे तीन स्क्रू एकेक करून तपासले. ते घट्ट आहेत.

तिहोमिर